मेहुण्याच्या हातची यादी

क्लबात सगळे त्याला 'मेहुणे' म्हणत. खेळाडू म्हणत, रेफरी म्हणत, मैदानावरचं गवत कापणारा माळीसुद्धा म्हणे, "मेहुणे, जरा पाय उचला, यंत्र येतंय." प्रशिक्षकांच्या बायकोचा धाकटा भाऊ आणि त्यांचा सहायक, एवढीच त्याची ओळख. बहिणीच्या वशिल्याने चिकटलाय असं सुरुवातीला लोक पाठीमागे बोलत, तेव्हा त्याच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. पण घोटा मोडून खेळणं सुटल्यावर घरी छताकडे बघत पडलेल्या माणसाला उठवून कामाला लावलं ते भावोजींनीच, हेही त्याला पक्कं ठाऊक होतं. मग लोक म्हणेनात का काहीही.

प्रशिक्षकांना सगळे 'मास्तर' म्हणत. मास्तरांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. पहिल्याच वर्षी त्यांनी लिहिलेली संघाची यादी पंचांना लागेना. शेवटी राखीव गोलरक्षकाचं नाव आघाडीला पुकारलं गेलं आणि तो बिचारा हातमोजे घालून मैदानाच्या मधोमध जाऊन उभा राहिला. तेव्हापासून रीतच पडली. सामन्याआधी दीड तास मास्तरांनी आपल्या खोलीत बसून नावं सांगायची, मेहुण्याने ती छापील कागदावर लिहायची, खाली मास्तरांनी सही करायची. मग मेहुण्याने एक प्रत पंचांच्या हातात द्यायची आणि एक ड्रेसिंग रूमच्या दारावर लावायची. पंचांच्या हातात कागद गेला की त्यात बदल नाही, कोणी लंगडायलाच लागला तर गोष्ट वेगळी. सही करताना मास्तर कागदाकडे बघतही नसत. खिडकीतून मैदान न्याहाळत सही ठोकायचे. अकरा वर्षांत एकदाही त्यांनी मेहुण्याने लिहिलेली यादी वाचली नव्हती, आणि मेहुण्यालाही या गोष्टीचा सगळ्यात जास्त अभिमान होता.

यंदा मात्र संघाला कोणाची दृष्ट लागली कोण जाणे. सलग आठ सामने हरले.

पहिल्या दोन पराभवांनंतर मास्तर हसले, पाठी थोपटल्या. तिसऱ्यानंतर त्यांनी बसमधली गाणी बंद केली. चौथ्यानंतर हसणं बंद केलं, म्हणजे नुसतं स्वतःचं नव्हे, सगळ्यांचंच. "हरलेल्या माणसांना हसू येतंच कसं?" असं म्हणून ते शेवटच्या रांगेत जाऊन बसले, आणि परतीच्या तीन तासांत बसमध्ये खोकायचीही चोरी झाली. फाटकाबाहेर पाच-सहा टोळभैरव 'मास्तर, शाळा सोडा' म्हणून ओरडायला लागले, तेव्हा मास्तरांनी आपल्या खोलीच्या काचांवर जुनी वर्तमानपत्रं चिकटवून टाकली. आता सही करताना ते त्या वर्तमानपत्रांकडे बघत. सहाव्या सामन्यात त्यांनी रागाने फेकलेली पाण्याची बाटली मालिशवाल्या काकांच्या खांद्याला लागली. काका साठी ओलांडलेले. त्यांनी ती बाटली मुकाट्याने उचलून जागेवर ठेवली. मास्तर माफीचा एक शब्द बोलले नाहीत. मेहुण्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या माणसाला तो अकरा वर्षं ओळखत होता तो हा नव्हेच, असं त्याला वाटलं आणि त्याला भीती वाटली.

आणि मग टिल्लूचं प्रकरण. टिल्लू म्हणजे उजव्या कडेने पळणारा, संघातला सगळ्यात बुटका आणि सगळ्यात चपळ गडी. हसायची बंदी झाली त्याच दिवशी, परतीच्या बसमध्ये तो हसला. जोरात, खिदळूनच. त्याच्या बायकोने फोनवर चित्रफीत पाठवली होती, त्यांची लेक पहिल्यांदा कोणाचा हात न धरता उभी राहिली होती आणि लगेच फतकल मारून बसली होती. मास्तरांनी मागून विचारलं, "कोण हसलं?" टिल्लूने प्रामाणिकपणे हात वर केला. पुढच्या सामन्यात तो यादीत नव्हता. त्याच्या पुढच्याही नाही. चार सामने तो गाठोडं बांधून आल्यासारखा पिशवी घेऊन यायचा आणि प्रेक्षकांत बसून परत जायचा. त्याच्या जागी मास्तर बचावफळीतल्या पहिलवानाला खेळवत. पहिलवानाला कडेने पळवायचं म्हणजे कपाटाला चाकं लावण्यातला प्रकार. सगळ्या क्लबला कळत होतं, मास्तरांनाही कळत असणार. पण एकदा बोलून बसलेला माणूस मागे कसा फिरणार?

आठव्या पराभवानंतर सचिवांनी दोघांना बोलावून सांगितलं, "शनिवारी हरलात तर रविवारी नवा माणूस. अध्यक्षांचा निरोप आहे." मास्तर फक्त "बरं" म्हणाले. अठ्ठावन्न वर्षांच्या, ओळीने नऊ सामने हरून काढून टाकलेल्या माणसाला दुसरा कोणता क्लब दारात उभा करणार होता? ही नोकरी गेली म्हणजे खेळच गेला. आणि खेळाशिवाय मास्तर म्हणजे काय, हे मेहुण्याला काही केल्या डोळ्यांपुढे आणता येईना.

त्याच संध्याकाळी ताईने त्याला जिन्यातच गाठलं.

"हे गाडी खाली उभी करतात आणि अर्धा अर्धा तास आतच बसून राहतात," ती म्हणाली. "मी वरून बघते. हाक मारायचंही धाडस होत नाही रे. काल विचारलं, येताय ना वर? तर म्हणाले, येतो, एवढा सामना संपू दे. कसला सामना? गाडीत बसून?"

"होईल गं सगळं ठीक."

"तू असतोस ना तिथे शेजारी? सांभाळ त्यांना. माझ्याशी तर ते बोलतही नाहीत."

शनिवारी दुपारी त्या वर्तमानपत्रं लावलेल्या खोलीत मास्तर नावं सांगायला लागले. दाढी नीट केली नव्हती, हनुवटीखाली पांढरे खुंट राहिले होते. गोलरक्षक, मग बचावफळी, मग मधली फळी. मेहुणा लिहीत गेला.

"उजवीकडे पहिलवान."

मेहुण्याचं पेन थांबलं. "भावोजी, एकदा टिल्लूचा विचार करा ना. पोरगा चार सामने—"

"मी सांगतो ते लिही."

"नाही, पण आजचा सामना—"

"तुला ऐकू येत नाही का? लिही!"

मेहुण्याने मान खाली घातली आणि लिहिलं. टिल्लूचं नाव लिहिलं. लिहिताना हात थरथरला नाही, याचंच त्याला पुढे कितीतरी दिवस नवल वाटत राहिलं. त्याने कागद पुढे सरकवला. मास्तरांनी काचेवरच्या वर्तमानपत्राकडे बघत सही ठोकली. मेहुणा उठला, पंचांच्या खोलीत गेला, कागद देऊन मोकळा झाला. आता काही बदलता येणार नव्हतं. 'यांच्या भल्यासाठीच ना?' असं तो मनाला बजावत होता, आणि त्याचं मन काही हूं की चूं करत नव्हतं.

ड्रेसिंग रूमच्या दारापाशी मास्तर थबकले. आतून टिल्लूचा आवाज येत होता, 'माझं नाव? नीट बघ रे,' असं तो कोणाला तरी म्हणत होता. मेहुणा तीन पावलं मागे. मास्तरांनी खिशातून चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला आणि दारावर लावलेली यादी वाचली. वरून खालपर्यंत, सावकाश. मग पुन्हा एकदा वाचली. त्यांचे कान लालबुंद झाले. आता वळतील आणि कानाखाली जाळ काढतील असं मेहुण्याला वाटलं. काढला असता तर बरं झालं असतं. पण मास्तर वळले नाहीत. चष्मा खिशात ठेवून ते आत गेले.

"टिल्लू," ते म्हणाले, "आज उजवीकडून तू. चार सामने तुला बाहेर बसवलं, ती माझी चूक झाली. सगळ्यांसमोर केली, म्हणून सगळ्यांसमोर सांगतोय."

टिल्लू बुटाची नाडी हातात धरून तसाच बसून राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. पहिलवानाने उठून त्याच्या पाठीत असा धपाटा घातला की तो बाकावरून पडायचाच राहिला, आणि किती दिवसांनी त्या खोलीत हशा पिकला. मास्तरांनी कोणाला गप्प बसवलं नाही. काकांपाशी जाऊन ते हळूच काहीतरी बोलले. काका मान हलवत "अहो, जाऊ द्या हो" म्हणाले.

सामना दोन-शून्यने जिंकले. दोन्ही गोल टिल्लूच्या पासवर. दुसऱ्या गोलनंतर बाकावरची सगळी राखीव पोरं मास्तरांच्या अंगावर कोसळली. त्या ढिगाऱ्यातून मास्तरांचा चेहरा मेहुण्याला क्षणभर दिसला. माणसाला भलत्याच्याच लग्नात हार घालून उभं करावं तसा तो चेहरा होता. फाटकावरचे टोळभैरव आता मास्तरांच्या नावाचा जयघोष करत होते. अध्यक्ष स्वतः खाली आले. "मास्तर, मोठं मन दाखवलंत! चूक कबूल करायला छाती लागते." पत्रकारांनी विचारलं, टिल्लूला आणायचं कसं सुचलं? मास्तर म्हणाले, "मला नाही सुचलं." सगळे हसले, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात छापून आलं की मास्तर फार विनयशील आहेत.

मैदान रिकामं झाल्यावर मास्तरांनी मेहुण्याला खोलीत बोलावलं. टेबलावर एक पत्र होतं, त्यांच्याच अक्षरात, म्हणजे कोणाला न लागणारं.

"हे जरा नीट लिहून दे," ते म्हणाले. "राजीनामा आहे."

मेहुण्याच्या पायाखालची जमीन सरकली. "भावोजी, चुकलं माझं. पाया पडतो. पण आपण हरलो असतो तर..."

"तर?"

"तर तुम्हाला काढलं असतं."

"काढलं असतं. आठ हरलो ते माझे होते, नववाही माझाच असता. घेऊन गेलो असतो घरी. तुझ्या बहिणीला सांगितलं असतं, जमलं नाही गं आता मला. तिने ऐकून घेतलं असतं. पण हा जिंकलेला कुठे ठेवू? हा माझा नाही."

"कोणालाही कळणार नाही."

"मला कळलंय ना."

ते ओरडत नव्हते. इतके दिवस ज्या आवाजाची वाट बघितली तो जुना, समजुतीचा आवाज आज परत आला होता. मेहुण्याला रडू आवरेना.

"हे बघ, तू आणखी भांडला असतास तर मी तुला हाकलून दिलं असतं, हेही खरंय," मास्तर म्हणाले. "पण पेन खाली ठेवून म्हणाला असतास ना, की मी हे नाव लिहिणार नाही, दुसऱ्याकडून लिहून घ्या, तर मी थांबलोही असतो. कदाचित. तुझ्यासाठी थांबलो असतो. आता ते आपल्या दोघांनाही कधी कळायचं नाही."

मेहुण्याने बाहीने डोळे पुसले आणि मास्तरांचं पत्र पुढे ओढलं.

"पुढच्या शनिवारी तू कागद पुढे ठेवशील आणि मी तो वाचेन. नाही वाचायचा म्हटलं तरी वाचेन. तुझा कागद वाचत मला नाही रे बसायचं." मग थोडं थांबून म्हणाले, "आणि तुझ्या ताईला यातलं काही कळता कामा नये. तिला तुझा फार आधार वाटतो. लिही आता."

मेहुण्याने लिहिलं. या वेळी एकही शब्द बदलला नाही. शेवटच्या ओळीत मास्तरांनी लिहिलं होतं की आपल्यामागे ही जबाबदारी सहायकाला द्यावी, त्याची खेळाची जाण आपल्यापेक्षा चांगली आहे. तिथे तो अडला. "तेही लिही," मास्तर म्हणाले. लिहून झाल्यावर त्यांनी चष्मा लावला, पत्र पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचलं आणि मगच सही केली.

अध्यक्षांनी मेहुण्याला प्रशिक्षक केलं. नाही म्हणायला चारचौघांत सांगता येईल असं कारण त्याच्यापाशी नव्हतं.

महिन्याभराने एका रविवारी दुपारी तो ताईकडे जेवायला गेला. शेजारचं जोडपंही आलं होतं. मास्तर आता गाडीत बसून राहत नव्हते, ताईचं वजनही जरा भरलं होतं. जेवता जेवता शेजाऱ्यांनी विषय काढलाच.

"असा सामना जिंकल्यावर सोडलंत कसं मास्तर?"

"यांचं असंच," ताई कौतुकाने म्हणाली. "आठ हरले तेव्हा नाही सोडलं. जिंकून दाखवलं आणि मग उठले. हरून बाहेर पडले असते ना, तर मला फार लागलं असतं." मग ती भावाकडे वळली. "तू सांग ना रे टिल्लूची गोष्ट. तू तर शेजारीच होतास."

मेहुण्याने मास्तरांकडे बघितलं. मास्तर ताटातला घास चिवडत होते. मग मेहुण्याने गोष्ट सांगितली. भावोजींनी कसं आयत्या वेळी टिल्लूचं नाव घातलं, सगळ्यांसमोर चूक कशी कबूल केली, टिल्लू कसा रडला. ही गोष्ट त्याने आतापर्यंत चार-पाच ठिकाणी सांगितली होती आणि दर वेळी ती जास्तच रंगत होती. शेजारीणबाईंनी पदराने डोळे टिपले.

मास्तर मधेच उठले, पाण्याचा भरलेला तांब्या उचलला आणि आणखी पाणी आणतो म्हणून आत निघून गेले.

"बघितलंत?" ताई हसून म्हणाली. "स्वतःचं कौतुक ऐकवत नाही त्यांना."