काचेमागचा अंगठा

“मेलेल्या माणसाच्या गालावर दिवा लावलायस तू, नसिआ,” सेरवा आंटीनं लॅपटॉप टेबलावर आपटला नाही, एवढंच.

स्क्रीनवर शनिवारच्या अंत्यविधीचं मूळ पोस्टर होतं. काळ्या कोटातले एक वयस्कर हेडमास्तर, आणि त्यांच्या डाव्या गालावर धुरकट पांढरा डाग. आंटीचा धंदाच तो. घानातल्या कुमासी शहराच्या निम्म्या भिंतींवर लागलेले मृतांचे चेहरे तिच्याच हातून गेले होते.

“तू बसवलेल्या पडद्यावरचा डाग फोटोतला समजून मी आपली गाल काळा करत बसले. छापून आलं तर मास्तरांना कुणी थोबाडीत मारल्यासारखं दिसतंय. घरचे म्हणतात, जिवंतपणी कुणाची हिंमत झाली नाही ते तू केलंस. आता शनिवारच्या आत सगळं परत छापायचंय.”

“बसा आंटी. तुमच्यासमोरच उघडतो.”

लॅपटॉप दुरुस्तीच्या त्या दुकानात दोनच लाकडी स्टुलं. एकावर नसिआ बसलेला, दुसरं भिंतीशी आडवं करून ठेवलेलं. उठताना स्टूल आडवं करायचं, नाहीतर एखादा भटका आत्मा येऊन बसतो, हे तिथल्या पोराटोरांनाही ठाऊक असतं. हे स्टूल नसिआच्या भागीदाराचं, बेदियाकोचं. तो वारल्यापासून, म्हणजे वर्षभर, ते तसंच होतं. आंटीनं त्याला हात लावला नाही. ती खोक्यावर टेकली.

“अजून तसंच ठेवलंयस?”

“असू दे,” नसिआ म्हणाला आणि स्क्रू काढू लागला.

पडदा बाहेर आल्यावर कडेची पिवळी पट्टी त्याला दिसली. कोपऱ्यात तिरकी दुमडलेली. ती दुमड बेदियाकोची. एकाची काच आणि दुसऱ्याचा उजेड घेऊन दोन मोडक्या पडद्यांचा एक धड पडदा करावा तर त्यानंच. त्यानं करून ठेवलेल्यांपैकी हा शेवटचा होता. बसवताना नसिआनं मुद्दामच नीट पाहिलं नव्हतं.

काच बाजूला ठेवून त्यानं आतला उजेड चालू केला आणि वरचे दुधी पातळ कागद एकेक करून उचलले. डाग दर कागदागणिक लहान आणि स्पष्ट होत गेला. शेवटचा कागद निघाला आणि खालच्या पारदर्शक प्लास्टिकवर एक अंगठा लखलखला. सगळ्या रेषांसकट. मधून एक तिरका व्रण, सोल्डरिंगच्या तापलेल्या कैयानं भाजल्याचा.

कुणीतरी आतून काच दाबून धरावी तसा तो ठसा दिसत होता. ‘हात धू रे,’ म्हणून नसिआनं किती वेळा खेकसावं! बेदियाकोच्या शेजारी कायम केलेवेलेची पुडी असायची. तिखट तळलेल्या केळ्याचा तुकडा तोंडात टाकायचा, अंगठा चोखायचा, पँटला पुसायचा आणि कामाला लागायचा. त्याचे कपडे त्याच्याबरोबर पुरले, फोन सासरच्यांनी नेला. कोपऱ्यावरचं त्याचं पोस्टर चुकवायला नसिआ वर्षभर लांबून जात होता. आणि हा इथं बसून होता.

आंटी उठून वाकली. “त्याचाच ना?”

नसिआनं मान हलवली.

“दुसरा पडदा नाही?”

“या मापाचा हाच होता.”

बेदियाकोचंही पोस्टर तिनंच केलं होतं. “मग राहू दे तसंच,” ती म्हणाली. “मास्तरांना जरा उजवीकडे सरकवीन. मला जमेल.”

नसिआला हो म्हणावंसं वाटलं, फार वाटलं.

“नको आंटी. आपलं काम कधी परत येत नाही म्हणून मिरवायचा तो. हे परत आलं. त्याला चालायचं नाही.”

त्यानं फडक्यावर स्पिरिट घेतलं. एका पुसण्यात ठसा गेला नाही. रेषा विरल्या, व्रण मागे राहिला, मग तोही गेला. उजेड सगळीकडे सारखा झाला.

कागद आणि काच परत बसवल्यावर मास्तरांचा गाल स्वच्छ दिसला. आंटीनं लॅपटॉप उराशी धरला, नसिआच्या खांद्यावर हात ठेवला आणि निघून गेली.

दुकान बंद करताना नसिआनं सवयीनं आपलं स्टूल आडवं केलं. मग भिंतीशी जाऊन बेदियाकोचं स्टूल सरळ उभं केलं, त्यावरची धूळ पुसली आणि बाहेरून कुलूप लावलं.