अंगावरची रोकड

कंडक्टरबाईचा नवरा प्रवासाला निघाला की चालतीबोलती तिजोरी व्हायचा. थोडे पैसे पाकिटात, थोडे मोज्यात, थोडे बनियनच्या खिशात आणि उरलेले कुठे ते त्याचं त्यालाच ठाऊक. बायकोच्या हातात पाण्याची बाटली. "तुला कशाला हवेत पैसे? मी आहे ना!" हे तो इतक्या मायेने म्हणायचा की ऐकणाऱ्या बायकांना तिचा हेवा वाटायचा. पगार तिचा, कार्ड त्याच्याकडे. रोज सकाळी तो तिच्या हातावर चहापुरती नोट टेकवायचा आणि संध्याकाळी त्या नोटेचं काय झालं ते विचारायचा. दिवसभर लोकांचे पैसे गळ्यात अडकवून बसमध्ये उभी राहणारी बाई साधी केसांची पिनसुद्धा मनाने घेऊ शकत नव्हती.

लांबच्या गावी तिची आई अंथरुणाला खिळली होती. भावाचा फोन आला, "ताई, यायचं तर आत्ताच ये." नवरा म्हणाला, "पुढच्या महिन्यात बघू." हा पुढचा महिना ती लग्नापासून ऐकत आली होती आणि तो मेला कधी उजाडत नव्हता. शेवटी तिने त्याचा नाद सोडला. शेजारणींच्या उसवलेल्या कपड्यांना टाके घालून तिने गुपचूप थोडे पैसे जमवले होते. गणवेशाच्या आत चोरखिसा शिवून तिने ते त्यात भरले. ड्युटी संपली की परस्पर स्टेशन गाठायचं, संध्याकाळची गाडी पकडायची आणि पोचल्यावर घरी कळवायचं. मग त्याला काय आदळआपट करायची ती करू दे.

घोडं अडलं ते डेपोच्या खिडकीवर. बसमध्ये चढण्याआधी प्रत्येक कंडक्टरने स्वतःचे किती पैसे जवळ आहेत ते तिथे सांगायचं असा नियम होता. मागाहून झडतीत जास्त सापडले, तर ते तिकीट न फाडता प्रवाशांकडून उकळलेले, असं धरून चालायचे. आणि खिडकीमागे बसायचा तिच्या नवऱ्याचा पत्त्यांतला जोडीदार. त्याच्या तोंडात तीळ भिजत नसे.

"आज किती, वहिनी?"

"रोजचेच. चहापुरते."

"काय हे! आमच्या दोस्ताला सांगा, कधी भज्यांपुरतेही देत जा म्हणावं," तो खिदळला आणि त्याने लिहून घेतलं.

शेवटच्या फेरीला तपासनीस चढला. पिशवीतले पैसे आणि फाडलेली तिकिटं बरोबर जुळली. तरी डेपोत उतरल्यावर नियमाप्रमाणे झडती झाली आणि शिपाईबाईच्या हाताला अस्तरातला फुगवटा लागला. टाके उसवले. टेबलावर नोटांचा ढीग पडला. सगळ्या लहान, मळक्या, घड्या पडलेल्या. तिकिटाला येतात तशाच. दिवसभर तिच्या गळ्यातल्या पिशवीत मोठ्या नोटा होत्या, त्यांच्याशी या बदलून घेतल्या असत्या तर फुगवटा राहिला नसता आणि कुणाला कळलंही नसतं. पण कंपनीच्या पिशवीत स्वतःच्या कामासाठी हात घालायचा नाही, हे ती पहिल्या दिवसापासून पाळत आली होती. जळला मेला तो प्रामाणिकपणा.

"माझे आहेत, साहेब. शिवणाचे. आईकडे जायचंय मला, गाडी आहे आता."

"मग सकाळी सांगितलं का नाहीत?"

तपासनीस काही दुष्ट नव्हता. त्याला घरी जायची घाई होती.

"हे बघा बाई, घरच्या कुणी सांगितलं की पैसे घरचे आहेत, तर मी ताकीद देऊन सोडतो. मिस्टरांना लावू का फोन?"

"नको," ती म्हणाली, पण तोवर फोन लागला होता. आवाज सगळ्या खोलीला ऐकू जात होता.

"तिच्याकडे? एवढे?" नवरा मोठ्याने हसला. "काहीतरीच काय साहेब! अहो, चहालासुद्धा माझ्यापुढे हात पसरते ती. आमच्या घरात बायकांच्या हातात पैसा देत नाहीत. असतील तर तुमचेच असणार, आमचे नाहीत!"

तपासनिसाने फोन ठेवला, नोटा पाकिटात घातल्या आणि पाकिटाला लाख लावली. तिला कामावरून थांबवल्याचा कागद हातात पडला, तेव्हा तिची गाडी सुटून गेली होती.

नवरा न्यायला आला. फाटकाबाहेर पडल्यावर तो तिच्याजवळ सरकून हळूच म्हणाला, "घेतलेस तर घेतलेस गं. मी काय खाणार होतो तुला? मला सांगायचं होतंस, मी नीट ठेवले असते. किती दिवस चाललं होतं हे?"

तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याचे डोळे चमकत होते. चोरी त्याने केव्हाच पोटात घातली होती. शिवणाचे म्हटलं असतं, तर आज घरात कपाटं उपसली गेली असती, शेजारणींची दारं वाजली असती आणि तिच्या हातात सुई पुन्हा कधी पडली नसती. आईकडे जायची आता ती सुई एवढी एकच वाट होती.

"चोरले," ती म्हणाली. "आजच. पहिल्यांदाच."

"वेडी कुठली," तो लाडाने म्हणाला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच भर रस्त्यात त्याने तिचा हात हातात घेतला.