फ्रेमबाहेरची नाचणी

काशीआत्ते माझ्या नात्यातली नाही. पण गुहागरकडच्या तिच्या वाडीत राहून मी माहितीपट केला, तेव्हा आत्तेच झाली. वाडीच्या वर सडा आहे, कातळाचं उघडं पठार. तिथे कातळाच्या खळग्यांत टोपल्यांनी माती भरून ही माणसं पावसाळ्यात नाचणी करतात. मला मात्र फ्रेममध्ये नाचणी वगळून हवा होता नुसता कातळ, रानफुलं आणि आभाळ. नको तिथे शहाणपणा, दुसरं काय.

"आत्ते, ती निळी ताडपत्री काढ. शेळ्या पलीकडे ने. आणि तूही माझ्या मागे ये."

ती आली. शॉट संपेपर्यंत खोकला दाबत उभी राहिली. माणसांच्या मुलाखती मी खाली, त्यांच्या पडवीत घेतल्या. तिथे उजेड बरा होता.

त्याच दिवशी कातळावर तेलरंगाने लिहिलेले आकडे दिसले.

"ह्ये काय गं बाय?" आत्तेने विचारलं.

"असतील कुणा मोजणीवाल्यांचे," म्हणत मी कॅमेरा वळवला.

पुढे एका कंपनीने 'निसर्गविषयक सादरीकरणासाठी' सड्याची दृश्यं मागितली. मी हुरळून गेले. दृश्यं पाठवली, वर त्यांचे आभारही मानले.

काल जनसुनावणी झाली. सडा त्याच कंपनीच्या प्रकल्पाला द्यायचा की नाही, त्याची. पडद्यावर माझा सडा झळकला आणि खाली अक्षरं उमटली: 'पडीक, निर्मनुष्य'.

आत्ते उठली. "थितं आमची नाचणी हाय. तवा मी हिच्या पाठीच हुते. बाय, सांग त्यांना."

मी सगळं सांगितलं.

सुनावणी घेणारे साहेब शांतपणे म्हणाले, "सातबाऱ्यावर जमीन पोटखराब आहे, लागवडीला अयोग्य. मोजणी उन्हाळ्यात झाली, तेव्हाही उघडा कातळच होता. तुमच्या चित्रीकरणात सड्यावर एक जरी माणूस दिसला, तरी दाखवा. परवापर्यंत."

आज सकाळपासून आम्ही दोघी सगळं चित्रीकरण पाहतोय. प्रत्येक दृश्याला आत्ते पुढे वाकते, मग पुन्हा मागे टेकते. मी किती नेटाने माणसं हाकलली होती, ते मला आता कळतंय.

शेवटचं दृश्य लावलं.

"ह्यात तरी आसेन मी," ती म्हणाली.

कातळ, फुलं, आभाळ. वाऱ्याचा आवाज. आणि अगदी शेवटी, कॅमेऱ्याच्या मागून, दाबलेला एक खोकला.

"ती मी," आत्ते म्हणाली, आणि चष्मा पुसून पडद्यावर स्वतःला शोधू लागली.