तळ्याकाठची आठ पाने

निरोप आला तो कमलाकाकूंच्या आवाजातच, आणि नेहमीप्रमाणे स्वयंपाकघरातून. मागे मोहरी तडतडत होती.

"ऐका रे सगळ्यांनी. शनिवारी दुपारी तळ्यावर यायचं. ह्यांचे मित्र येतायत पुण्याहून, रविवारी दुपारी पंगत. सुजय, माशांचं तू बघ. ऋजुता, मोठी पातेली तुझ्या गाडीतून. सलिल, आगळ आण रे."

मांडवीच्या आपल्या भाड्याच्या खोलीत सलिलने तो निरोप तीन वेळा ऐकला. खिडकीबाहेर समुद्र ओहोटीला लागला होता. आगळ म्हणजे त्याची आई नाटे या गावी रातांब्यांचा मीठ घालून काढून ठेवी तो गडद लाल रस. काकूंच्या सोलकढीला दुसरे कुठलेच आगळ चालत नसे. प्रश्न एवढाच होता की बोलावणे त्याला होते की बाटलीला.

असा प्रश्न दुसऱ्या कुणाला पडला नसता. सलिलला तो पडे, कारण तो सत्ताविसाव्या वर्षापर्यंत प्रत्येक दारात क्षणभर थांबत आला होता. महाविद्यालयाच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत तो साहाय्यक होता. काकूंचे यजमान गोपाळकृष्ण सर तिथूनच निवृत्त झाले आणि जाताना, काचेची नळी उचलावी तितक्या सहजपणे, त्यालाही आपल्याबरोबर घरी जेवायला घेऊन गेले. तेव्हापासून दोन वर्षे दर महिन्याच्या चौथ्या शनिवारी तो त्यांच्याकडे जेवायला जाई. जेवायला पाचच जण असत: सर, काकू, मिरकरवाड्याच्या बर्फाच्या कारखान्यातला सुजय, दातांची डॉक्टर ऋजुता आणि तो. टेबलाभोवती सगळे एकदम बसत, पातेली मध्ये असत, ज्याला जे हवे ते तो घेई. त्या संध्याकाळींवर तो महिनाभर जगे, आणि तरी प्रत्येक वेळी परतताना त्याला वाटे, आपण नसतो तर यांना कळले असते का?

शनिवारी दुपारी तो सुजयच्या टेम्पोतून निघाला. मागे बर्फात सुरमई होती, मांडीवर आगळाची बाटली.

"बाटली अशी धरलीयस, जशी बाळंतिणीने पोर," सुजय म्हणाला. "फुटणार नाही रे. आणि फुटलीच तर काकू तुला फोडतील, मला नाही."

तळे म्हणजे खरे तर एका लहान धरणाचा अडवलेला पाणसाठा. पण धरण म्हटले की कचेरीची आठवण येते, म्हणून सगळे त्याला तळेच म्हणत. काठावर सरांनी जांभ्याच्या जोत्यावर दोन खोल्यांचे लाकडी घर बांधले होते. सुजय त्याला केबिन म्हणे, सर 'काष्ठगृह' म्हणत आणि काकू सरळ खोपी म्हणत. पाण्याकडे तोंड करून रुंद ओसरी होती आणि तिच्या तीन पायऱ्या उतरल्या की पाणी. फाल्गुन लागला होता. सड्याच्या कातळपठारावरचे गवत वाळून पिवळे झाले होते, पण तळ्याच्या कडेने अजून हिरवी रेघ होती. घरामागे काजूची झाडे आणि पलीकडे राखणदार दादूने लावलेली केळ.

पुण्याची मंडळी संध्याकाळी पोहोचली. सरांचे महाविद्यालयातले जुने मित्र अनिलराव, त्यांच्या पत्नी नम्रताबाई, मुलगा विनीत, सून वेदिका आणि सहा वर्षांची नात संस्कृती. आल्याआल्या संस्कृतीने तळ्याला विचारले, "तू समुद्र आहेस का?" तळ्याने उत्तर दिले नाही, तेव्हा तिने तोच प्रश्न सलिलला विचारला. सलिल बराच विचार करून म्हणाला, "नाही. हे इथेच राहतं." हे उत्तर तिला पटले, आणि त्यानंतर ती त्याच्याजवळून हलेना.

ओसरीवर दडपे पोहे झाले, चहा झाला. मग सतरंजीवर पत्ते पसरले गेले. सुजय पत्ते लपवत होता आणि ते सगळ्यांना दिसत होते.

"गुलाम कुठे गेला?" अनिलरावांनी विचारले.

"मिरकरवाड्याला," ऋजुता म्हणाली. "बर्फात घालून ठेवला असेल याने."

सलिल शेवटच्या पायरीवर बसला होता. मावळतीचा उजेड पाण्यावरून सरकत पलीकडच्या काठाला जाऊन थांबला होता, जणू त्यालाही उठवत नव्हते. मागे हसण्याचे आवाज होते. सुखाकडे पाठ करून बसले की ते अधिक नीट ऐकू येते, असे सलिलला नेहमी वाटे. ऋजुता येऊन वरच्या पायरीवर बसली.

"खेळत नाहीस?"

"ऐकतोय."

"पत्ते ऐकायचे असतात हे नव्यानेच कळलं," ती म्हणाली, आणि शेंगदाण्याची पुडी त्याच्यापुढे धरून तिथेच बसून राहिली. सलिलला ते शेंगदाणे फार चविष्ट लागले.

रविवारी सकाळपासून खोपीत गडबड होती. आत काकूंच्या चुलीवर ओल्या काजूंची उसळ रटरटत होती; काजूंच्या चिकाने ऋजुताची बोटे काळी झाली होती. मागच्या अंगणात तीन दगडांवर सुजयची कढई होती, कारण सर मासे खात नसत आणि सुरमईला घरात प्रवेश नव्हता. साडेअकराच्या सुमारास काकूंनी खिडकीतून हाक मारली.

"सलिल, दादूबरोबर जा आणि केळीची पानं काढून आण. आठ आण. चांगली बघून, फाटकी नकोत."

तो दादूबरोबर केळीत गेला. दादू कोयत्याने पाने छाटून खाली देत होता आणि सलिल ती फडक्याने पुसत होता. तिसरे पान पुसताना त्याचे मन, त्याच्या परवानगीशिवाय, मोजू लागले. अनिलराव, नम्रताबाई, विनीत, वेदिका, संस्कृती: पाच. सर सहा. सुजय सात, ऋजुता आठ. काकू आणि दादू पाहुण्यांबरोबर बसणार नाहीत, हे त्याला ठाऊक होते. आठ पाने. हिशेब इतका चोख जुळला की त्यात त्याला उभे राहायलाही जागा उरली नाही.

"आठ झाली," दादू म्हणाला. "आणखीन येक काडू काय? येकादं फाटला बिटला तर?"

"नको," सलिल म्हणाला. "आठच सांगितलीत."

काकूंनी मुद्दाम तसे केले असेल, असे त्याला क्षणभरही वाटले नाही. त्यानेच जास्त दुखत होते. मुद्दाम वगळायला आधी माणूस लक्षात असावा लागतो. त्याने पाने ओसरीवर नेली आणि सतरंज्यांच्या पट्ट्यांसमोर ओळीने मांडली, प्रत्येकाचे निमुळते टोक बसणाऱ्याच्या डाव्या हाताला येईल असे. संस्कृती त्याच्या मागोमाग प्रत्येक पानावर पाणी शिंपडत आली. मग त्याने आत जाऊन आपली पिशवी उचलली. पाऊणची बस धरणाच्या पलीकडच्या रस्त्यावरून जात असे. नाट्याहून फोन आला, असे नंतर सांगता येईल. जेवण संपल्यावर कुणी विचारले, तर.

धरणाच्या भिंतीवरून चालताना एका बाजूला पाणी होते आणि दुसऱ्या बाजूला खोल, कोरडी दरी. त्याला राग आला नव्हता. रागावण्यासाठी आपला काही हक्क आहे असे वाटावे लागते. त्याला फक्त कालची पायरी आठवत होती आणि वाटत होते की तिथवर सगळे खरे होते, एवढे पुष्कळ आहे. वाऱ्यावर सुरमई तळल्याचा वास त्याच्या मागोमाग आला आणि भिंतीच्या टोकाशी थांबला.

रस्त्यावर बस नव्हती. एक पांढरी मोटार मात्र उलट्या बाजूने हळूहळू येत होती. ती त्याच्यासमोर थांबली, काच खाली गेली आणि एक प्रौढ बाई डोकावल्या.

"अवो, गोपाळकृष्ण सरांचं तळ्यावरचं घर कुठंशी आलं हो? तिसऱ्यांदा फिरतोय आम्ही ह्या रस्त्यानं."

"आणि तिसऱ्यांदा मीच म्हणतोय की विचार," चालकाच्या जागेवरचे गृहस्थ म्हणाले.

"मी अनिलची बहीण. कोल्हापूरहून आलोय. तुम्ही तिकडंच निघालाय का?"

'नाही' म्हणणे सोपे होते. पण रस्ता शब्दांनी सांगण्यासारखा नव्हता, दोनदा वळून काजूंच्या मधून जावे लागे. सलिल मागे बसला.

"आमच्यामुळं पंगत खोळंबली असंल," बाई म्हणाल्या. "कमलावैनींनी परवा फोनवर बजावलंय, तुमची दोन पानं मांडूनच ठेवते, उशीर करू नका म्हणून. मांडलीत न्हवं?"

"मांडलीत," सलिल म्हणाला, कारण पाने त्यानेच मांडली होती. आणि मग तो मोजू लागला.

अनिलरावांकडची पाच. ही दोन, सात. सर आठ.

मोटार काजूंच्या सावलीत शिरली. त्याने पुन्हा मोजले. प्रयोगशाळेत वजन दोनदा करावे तसे. आठ. सुजयचे पान त्यात नव्हते. ऋजुताचे नव्हते. काकूंचे नव्हतेच. मग नाट्याचे एक जुने लग्न त्याला आठवले. शेजारच्या घरचे लग्न, पंगती उठत होत्या, आणि त्याची आई चार वाजेपर्यंत भाताचे पातेले घेऊन वाकत होती. तू कधी जेवणार, असे त्याने विचारले तेव्हा ती म्हणाली होती, "आपण घरचे ना रे." तो आणि आई, असे दोघांचेच घर त्यांचे, त्या घरात पंगत कधी उठली नव्हती आणि पहिली-दुसरी असा भेद करायला माणसेच नव्हती. ते वाक्य त्याच्या कानावरून गेले होते, अंगी लागले नव्हते.

ओसरीवर मंडळी बसू लागली होती. ऋजुता काळ्या बोटांनी मीठ वाढत पुढे सरकत होती. सुजय सुरमईची परात घेऊन उभा होता आणि सर त्याला सांगत होते, "माझ्या पानावरून ती परात नेऊ नकोस, लांबून जा."

"सर, ती मेलीय. उडी मारणार नाही."

नव्या पाहुण्यांचे स्वागत झाले, ते दोघे आपापल्या पानांवर बसले, आणि आठही पाने भरली. काकू दारात आल्या. हातात वरणाचे पातेले होते.

"कुठे होतास रे? लिंबू वाढायचंय, चटणी वाढायचीय, आणि भात तुझ्याकडे आहे. ऋजुताला कितीदा पाठवायची?"

"यांना रस्ता सापडत नव्हता," सलिल म्हणाला. हे खोटे नव्हते.

काकूंची नजर त्याच्या खांद्यावरच्या पिशवीवर गेली. ती तिथे थोडा वेळ राहिली. मग त्या पातेले खाली ठेवून म्हणाल्या, "पिशवी आत ठेव. आणि हात धू."

"पिशवी घेऊन गेला होतास?" सुजयने विचारले. "आगळ आणायला परत नाट्याला निघालास की काय?"

"आगळ काल दिलंय त्याने," काकू म्हणाल्या. "तू तुझी मासळी बघ, करपतेय."

सलिलने भात वाढला. तो आधी संकोचाने वाकत होता, मग हाताला लय सापडली. मूद पडायची, तिच्यावर काकूंचे वरण, त्यावर ऋजुताचे तूप. प्रत्येक पानापाशी थांबून विचारायचे, "थोडा आणखी?" आणि 'नको' म्हटले तरी अर्धी मूद ठेवायची, हे त्याला कुणी शिकवले नव्हते, आईच्या वाकलेल्या पाठीकडून त्याने ते नकळत घेतले होते. दारात थांबणारा माणूस भाताचे पातेले हातात आले की थांबत नाही, हे तिसऱ्या फेरीत त्याच्या लक्षात आले. संस्कृतीने त्याला आपल्या शेजारची जागा थोपटून दाखवली.

"तू बस ना इथे."

"मी नंतर," तो म्हणाला. पुढचे शब्द उच्चारायला त्याला किंचित धीर करावा लागला. "मी घरचा आहे."

नम्रताबाईंनी कौतुकाने मान हलवली आणि सोलकढीची वाटी पुढे केली. "ही कुणी केली? पुण्यात असा रंग येत नाही."

"रंग त्याच्या आईचा," काकू आतूनच म्हणाल्या.

पहिली पंगत उठली. पाहुणे विड्याची पाने घेऊन झाडांखाली खुर्च्यांवर कलंडले; विनीत तळ्याकडे पाहता पाहताच झोपला. दुपारचे पाणी स्थिर होते, पलीकडच्या सड्याची पिवळी रेघ त्यात उलटी पडली होती. काकूंनी ओसरी पुसून घेतली आणि कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. आता त्यांच्या चेहऱ्यावर खरा थकवा दिसत होता, आणि मोकळेपणही.

"चला, आता आपण. उसळ मी काढून ठेवलीय, तळाची खरवड पण आहे. सुजय, माझ्यासमोर ते डोकं चघळू नकोस, पलीकडे बस." मग त्या सलिलकडे वळल्या. पिशवीविषयी त्या काही बोलल्या नाहीत, पुढेही कधी बोलल्या नाहीत. "पानं आण रे. किती ते तूच मोज."

सलिल केळीत गेला. दादू बंधाऱ्याशी हात धूत होता, म्हणून कोयता त्याने स्वतःच घेतला. काकू एक. सुजय दोन. ऋजुता तीन. दादू चार. पाने त्याने एकेक करून छाटली, पुसली, हातावर घेतली. मग तो थोडा वेळ उभा राहिला. वर एक कोवळे पान नुकते उलगडले होते, अजून वाऱ्याने न चिरलेले, अलीकडचे ऊन पलीकडे दिसावे इतके पातळ. ते फारच चांगले होते. एरवी त्याने ते दुसऱ्या कुणासाठी काढले असते.

"सलिल," ओसरीवरून ऋजुताने हाक मारली, "पानं आणतोयस की झाड?"

"आलो," तो म्हणाला, आणि पाचवे पान त्याने ते कोवळेच काढले.