दारातली वीतभर खिडकी

एक होती आई, एक होता तिचा लेक आणि दोघांच्या मधे होते मी. मी खिडकी बोलतेय. घराची नव्हे बरं का. कुलूपबंद मनोरुग्णालयातल्या जाड दाराला बसवलेली, वीतभर.

माझ्या काचेत तारेची जाळी आहे. माझ्यासोबत भट्टीतून निघालेल्या बहिणी दुकानांना लागल्या, दिवसभर नटूनथटून मिरवतात. माझ्या वाट्याला आला डोळा. दर अर्ध्या तासाला यायचा, आत बघायचा आणि निघून जायचा.

तो मोठ्या सिस्टरचा. बाई मनानं चांगली, पण तिच्या तक्त्याला रकाने दोनच, शांत आणि अस्वस्थ. आत सोळा माणसं, सोळा तऱ्हा. कुणी कोर्टानं धाडलेलं, कुणी पोलिसांनी आणलेलं, एकदोघं तर बरी होऊनही न्यायला कुणी आलं नाही म्हणून राहिलेली. बाहेरच्यांना सगळी सारखीच.

त्यातल्या एकाला मी म्हणते खांब. दिवसभर माझ्याजवळ उभा, हलणं नाही, बोलणं नाही. त्याच्या नावापुढे रोज 'शांत'. पण त्याचा श्वास माझ्या काचेवर पडायचा ना, तो असा, की आत कुणीतरी जीव घेऊन पळतंय. ते मला एकटीलाच ठाऊक.

दुसऱ्याला म्हणायची उलट्या, कारण चालायचा उलटा. सकाळी दहा वाजले की भिंतीपासून मागं मागं चालायला लागायचा, पोटाशी दोन्ही हातांची बोटं सारखी चालू. मागं वळून बघणं नाही, कुणाला धक्का नाही. जेवणाची घंटा झाली की बंद. सहा वर्षं हेच आणि सहा वर्षं 'अस्वस्थ'. आजाराच्या भरात त्यानं सख्ख्या काकाचं डोकं फोडलं होतं. काका वाचला, हा इथे आला. कानातले आवाज औषधांनी केव्हाच गेले, पण त्या चालण्यापायी सुटका अडली. आता तर डॉक्टरीणबाईंनी ठरवत आणलं होतं, याला मागच्या कडक इमारतीत हलवायचं. तिथून कुणी परत आल्याचं माझ्या ऐकिवात नाही. माझी काच चौकटीत खडखडायची, पण कुणाला सांगू?

त्याच आठवड्यात त्याची आई आली. गुडघ्यांनी इतकी वर्षं येऊ दिलं नव्हतं. भेटीच्या खोलीला रंग देणं चाललं होतं, म्हणून सिस्टरनं तिला माझ्यापाशी आणून उंच स्टुलावर बसवलं. म्हातारीनं आत बघितलं आणि चक्क हसली.

"अगं बाई, हा तर दोर वळतोय."

सिस्टर दचकली. "आजी, इथे तो शब्द काढू नका. इथे आम्ही लेंग्याला नाडीसुद्धा ठेवत नाही."

"मग काय, वेणी म्हणू? आमचा धंदाच तो."

म्हातारीनं समजावून सांगितलं. एकानं चाक फिरवायचं, दुसऱ्यानं कमरेला काथ्या गुंडाळून, बोटांनी थोडा थोडा सोडत मागं मागं जायचं. वळून बघत बसला तर दोर कुठे जाड, कुठे बारीक होतो, म्हणून तो पावलं मोजतो. बापाच्या माघारी चाक ती फिरवायची, दोर हा वळायचा.

डॉक्टरीणबाई मागे येऊन उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, हे खरं कशावरून?

म्हातारी स्टुलावरच पुढे सरकली. माझ्यासमोर हात धरून हवेतच चाक फिरवायला लागली. आत त्याची नजर वर झाली. तिचा हात जलद, तशी त्याची पावलं जलद. तिचा हात थांबला, तो जागच्या जागी थांबला. मग सरळ माझ्यापाशी आला, काचेला तोंड लावून म्हणाला, "आई, हळू फिरव. पीळ जास्त बसतोय."

डॉक्टरीणबाईंनी हातातल्या, त्याला मागच्या इमारतीत हलवायच्या कागदाची घडी घातली.

मग सहा वर्षांचे तक्ते निघाले. रोज दहापासून जेवणाच्या घंटेपर्यंतच 'अस्वस्थ', मारामारीची नोंद एकही नाही. लगेच नाही सोडला. सात महिने मोकळ्या वॉर्डात ठेवला, मग घरी. परवाच निरोप आला, अंगणात चाक पुन्हा उभं राहिलंय. लेक वेळेवर गोळ्या घेतो, दोर वळतो, आणि चाकाला बसतो तो काका, डोक्यावरच्या व्रणासकट. म्हातारी नुसती बसून दोघांच्या चुका काढते.

माझी काच आता पिवळी पडलीय. सिस्टरनं तक्त्यात तिसरा रकाना आखलाय, 'काय करतोय'. खांबापुढे तो अजून कोराच आहे. सिस्टरबाई, तो आतून धापा टाकतोय हो. त्याचं कुणी असेल तर बोलवा. ते उंच स्टूल अजून इथेच आहे.