बांधावर चढलेले झिंगे

ओडिल सकाळी तळ्यावर आली तेव्हा झिंगे पाणी सोडून बांधावर चढत होते. शेकड्यांनी, नांग्या वर धरून, एकमेकांच्या अंगावरून. लुइझियानात झिंग्यांची शेती करणाऱ्या घरातच ती वाढलेली. पावसात ते असे बाहेर निघतात हे तिला ठाऊक होतं. पण लख्ख उन्हात तिने हे कधी पाहिलं नव्हतं. तिला सहावा महिना होता. हात आपोआप पोटावर गेला.

नवरा, क्लोव्हिस, कमरेएवढ्या पाण्यात सापळे उचलत होता.

"क्लोव्हिस, बाहेर ये."

"आलोच. दोनच राहिलेत."

"सापळे गेले खड्ड्यात. तू आधी बाहेर ये."

तिचा आवाज ऐकून तो वळला. ओढ्याचं पाणी तळ्यात शिरतं तिथे पांढरा फेस साचला होता, लिंबाच्या वासाचा. पाण्यावर घसरत धावणारे लांब पायांचे किडे पाय टेकताच बुडत होते. पाण्यावरची साय कुणीतरी काढून घेतल्यासारखे.

दोघं ओढ्याचं पाणी अडवायचं लाकडी दार खाली दाबायला लागले. ते मध्येच अडकलं. फेस ओडिलच्या मनगटावर चढला. तिने हात झटकन मागे घेतला, मग पुन्हा घातला आणि डोळे मिटून रेटत राहिली. दार बसलं.

एवढ्यात ओढ्याच्या वरच्या अंगाला राहणारे आल्सिडकाका धापा टाकत आले. ट्रक धुण्याचा धंदा त्यांचाच.

"पिंप ओढ्यात कलंडलं, पोरांनो. पण साबणच आहे तो. मी रोज अंगाला लावतो."

"तुमच्या अंगाला कल्ले आहेत का, काका?" क्लोव्हिसने विचारलं. त्याच्या तळहातावर नुकतीच कात टाकलेला, मऊ अंगाचा झिंगा होता. हलत नव्हता. असे मऊ झिंगे सगळ्यांत आधी मेले होते.

"आमची पिण्याच्या पाण्याची बोअर ओढ्याला लागूनच आहे," ओडिल म्हणाली.

काकांनी बादली उचलली आणि बांधावरचे झिंगे गोळा करायला लागले. दुपारपर्यंत तिघांनी ते मागच्या तळ्यात नेऊन सोडले. निम्मे जगले. पिल्लं बहुतेक गेली.

बोअरचं पाणी तपासून आणलं, चांगलं निघालं. काकांनी ट्रक धुतलेलं पाणी जिरायला खड्डा खणला. तरी बाळ होईपर्यंत ओडिल आईच्या घरून पाणी आणून प्यायली. क्लोव्हिस एकदा म्हणाला, "अगं, कागदावर चांगलं लिहिलंय."

"असेल," ती म्हणाली, आणि तिने नळाखालचा भरलेला पेला सिंकमध्ये उलटा केला.