सात मुलांच्या शाळेतली फिरती ढाल

मित्रांनो, मी एक जुनी फिरती ढाल आहे. अंग सागवानी, मधोमध पितळेचा पत्रा. नगरच्या एका फ्रेमवाल्याने मला घडवले आणि पत्र्यावर कोरले, ‘उत्तम नागरिक घडवणारी शाळा’. दर प्रजासत्ताकदिनी मी नव्या शाळेत जाते. ती शाळा आपल्या नावाची पट्टी माझ्यावर ठोकते, वर्षभर मला ठेवून घेते आणि मग परत करते.

खरे सांगते, मला पूर्वी भलताच तोरा होता. मोठमोठ्या शाळांत राहिले, हार घालून घेतले, फोटो काढून घेतले. दुसऱ्या दिवसापासून मात्र कपाटावर धूळ खात पडायचे. नव्याचे नऊ दिवससुद्धा कधी लाभले नाहीत.

दीड वर्षापूर्वी मी नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, डोंगरातल्या एका वाडीवर गेले. एक खोली, एकटे रंगनाथ गुरुजी आणि सात मुले. दर शनिवारी तिथे बालसभा भरायची. झाडांना पाणी कोणी घालायचे, इथपासून सारे काही हात वर करून ठरायचे. मी येण्याआधी, पट कमी म्हणून शाळा बंद होणार, अशी कुणकुण लागली, तेव्हा या सात जणांनी घरोघर जाऊन सह्या गोळा केल्या आणि ग्रामसभेत उभे राहून अर्ज वाचला. त्या अर्जाचे कौतुक झाले, म्हणूनच मी त्यांना मिळाले. वाडीला वाटले, बक्षीस दिले म्हणजे शाळा वाचली. मलाही तसेच वाटले. किती खुळी मी!

पुढच्या जानेवारीत शिक्षणखात्याची दोन पत्रे आली. एकात लिहिले होते, ढाल परत करा. दुसऱ्यात, जूनपासून शाळा बंद, मुलांनी खालच्या गावातल्या मोठ्या शाळेत जावे. वाटेत चार किलोमीटरची उतरण आणि ओढा. बालसभेची अध्यक्ष होती तिसरीतली संस्कृती. तिची आई राहीबाई दारातूनच म्हणाली, “गुरुजी, वढ्याला पानी आलं की मोठी मानसं अडकत्यात. मी न्हाई पोरीला धाडायची.”

शनिवारी सभा भरली. संस्कृती म्हणाली, “ते आपली शाळा काढून घेत्यात. मंग आपुन बी ढाल द्यायची न्हाई.”

मला केवढा आनंद झाला! माझी तर कायमची राहायची तयारी होती. पण दुसरीतला चेतन उठला. “ढाल फिरतीच असती. आपुन ठिवली तर दुसऱ्या पोरांना कशी मिळंल? त्यांनी काय वाकडं केलंय?”

परत करावी म्हणून चार हात वर झाले. ठेवावी म्हणून तीन. गुरुजी खिडकीकडे तोंड करून उभे होते. संस्कृतीने डोळे पुसले आणि अध्यक्ष म्हणून ठराव स्वतःच लिहिला, ‘ढाल परत करणे.’

प्रजासत्ताकदिनी तालुक्याच्या समारंभात तिने मला शिक्षणखात्याच्या साहेबांच्या हाती दिले आणि विचारले, “साहेब, आमची शाळा?”

“वा, धीट आहे पोरगी!” साहेबांनी तिची पाठ थोपटली आणि पुढचे नाव पुकारले. ते खालच्या मोठ्या शाळेचे होते. टाळ्या वाजत राहिल्या आणि मला लाज वाटली.

आता मी त्या मोठ्या शाळेच्या भिंतीवर आहे. गुरुजींचीही बदली इथेच झाली. जूनमध्ये वाडीवरची सातही नावे इथल्या हजेरीपटावर चढली. ओढा भरला तशी एकेक मूल गळत गेले. चेतन तेवढा येतो, तोही मामाकडे राहून. गुरुजी रोज संस्कृतीचे नाव पुकारतात, जरा थांबतात आणि पुढचे नाव घेतात. ती आईबरोबर खाचरात भाताच्या रोपांची आवणी करते, असे चेतन सांगतो.

काल मुख्याध्यापक नवी पितळी पट्टी घेऊन आले. शाळेचे नाव सुबक कोरले आहे. उद्या ती माझ्यावर ठोकतील. मित्रांनो, मला पुसले नाही तरी चालेल, हार घातला नाही तरी चालेल. माझी एकच विनवणी आहे. हजेरीला संस्कृती स्वतः ‘हजर’ म्हणेपर्यंत ती पट्टी माझ्यावर ठोकू नका.